पेला सरकला

दुपारी सव्वाचारला मांडणीवरचा पितळी पेला थरथरला, आणि पुष्पाबाईच्या हातातली गाठोड्याची गाठ अर्धवटच राहिली. पेल्यापाठोपाठ ताटल्या किणकिणल्या. तिने भिंतीला हात लावला. अठरा दिवस मुक्यासारखी उभी असलेली भिंत हलत होती.

भिंतीपलीकडे नटुभाई शेठचा मागांचा कारखाना. बावीस वर्षं ती भिंत दिवसरात्र हलत आली होती. एका पाळीत पेला चार बोटं पुढे सरकायचा, आणि पुष्पाबाई सकाळ-संध्याकाळ त्याला मागे ढकलायची. मग कापडाला उठाव राहिला नाही. शेठने शटर ओढलं आणि पेला एका जागी बसला. उद्या सकाळच्या भुसावळ गाडीने अमळनेरला परतायचं ठरलं होतं. मागावर काम करणारा नवरा, लोटू काय, गावात पडेल ते काम करील. पण लेकीची, दिपालीची बारावी अर्ध्यावर सुटणार होती. तो घास काही केल्या पुष्पाबाईच्या घशाखाली उतरत नव्हता.

म्हणूनच तिने दुसरा विचार केला नाही. जमिनीवर आडव्या झालेल्या नवऱ्याला तिने गदागदा हलवलं.

"ओ दिपालीना बाप, ऊठा. कारखाना चालू व्हई गया."

लोटू ताडकन उठला. सदरा उलटा की सुलटा हे न बघता त्याने अंगात घातला. तोवर तिने सकाळची भाकरी आणि ठेचा डब्यात कोंबला होता. डबा घेऊन तो धावत सुटला.

पुष्पाबाई दारात येऊन बघते, तर कतारगामची ती अख्खी गल्ली रस्त्यावर. कोणी अनवाणी, कोणाच्या तोंडाला साबण, शेजारची मंदा तर उकळत्या चहाचं पातेलं हातात घेऊनच आलेली. सगळे घरातून बाहेर पळत होते आणि एकटा लोटू कारखान्याकडे. शटरला कुलूप होतं. त्याने ते दोनदा ओढून पाहिलं. मग डबा पायरीवर ठेवून तो त्याच्याशेजारी बसला.

गल्ली त्याला हसली. भ्यालेल्या माणसाला हसायला कोणीतरी लागतंच. पुष्पाबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपणच त्याला उठवून खोट्या आशेच्या मागे पळवलं, हे तिला लागलं.

तेवढ्यात क्लासहून दिपाली आली. भूकंप हतो, मम्मी, असं तिने गुजरातीत सांगितलं आणि मोबाईल पुढे धरला. धक्का छोटाच होता, तीन पॉइंट काहीतरी. भरुचच्या बाजूला, जमिनीखाली. नर्मदेच्या अंगाने खाली खडकाला जुनी भेग आहे म्हणे. तिथे दाब साठत जातो आणि कधीतरी खडक जरासा सरकतो. असे लहान धक्के या पट्ट्यात येतच असतात, मोठा कधी येईल ते मात्र कोणालाच सांगता येत नाही.

पुष्पाबाईने साड्यांचे धागे कापण्यात उमर घालवली होती. तिने विचारलं, म्हणजे ताणून ताणून एखादा धागा तुटावा, तसं? तसंच समज, असं दिपाली म्हणाली. मग एवढ्या वर्षांत आपल्याला कधी कळलं कसं नाही, हा तिचा पुढचा प्रश्न.

"आपली भिंत रोजच हलायची, मम्मी. कळणार कसं?"

पुष्पाबाईने दारातूनच मांडणीवरच्या पेल्याकडे पाहिलं. म्हणजे धरणी हलून गेली आणि आपण पेला मागे ढकलून कामाला लागलो, असं किती वेळा झालं असेल, देव जाणे.

अर्ध्या तासाने नटुभाई शेठ स्कूटरवरून आले. शटर उघडून, चष्मा वर-खाली करत त्यांनी भिंती पाहिल्या. तडा कुठेच नव्हता. ते कुलूप लावायला वळले, तेव्हा लोटू पायरीवरून उठला. भिंती ठीक आहेत, पण मागांचे पाय केसभर जरी सरकले असतील तरी ते लंगडे होतील, आणि चालवून पाहिल्याशिवाय ते कळायचं नाही, असं त्याने सांगितलं. शेठने डोकं खाजवलं. एक चालवून बघ, म्हणाले.

पुष्पाबाईने मान खाली घातली. मागाचं दुखणं लोटूला नुसत्या हाताने कळायचं. त्यासाठी त्याला माग कधी चालवावा लागला नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ती घरात आली. गाठोडं तसंच पडलं होतं. दुसरा धक्का येईल म्हणून गल्ली अजून बाहेरच बसून होती.

पेला थरथरला.

बाहेर एकच कालवा झाला. मंदा देवाचं नाव घेऊ लागली, पोरंसोरं रडायला लागली. मागाचा आवाज ओळखण्याइतके कोणाचे कान थाऱ्यावर नव्हते. पुष्पाबाईने भिंतीला तळवा टेकला. दुपारच्या हलण्याला ताल नव्हता. याला होता. थोड्या वेळाने त्यात दुसरा ठोका मिसळला. शेठ एक म्हणाले होते.

दिपाली दारातून ओरडली, "मम्मी, बाहेर ये, परत हलतंय."

पुष्पाबाईने हात काढला नाही.

"हाई धरणी नही शे," ती म्हणाली. "तुना बाप शे."