मृत्यूचं ठिकाण

"तीनच ऑप्शन हैं, मैडम." भैयालाल बाबूंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "घर, अस्पताल, अन्य. बताइए, पिताजी किसमें?"

"गाड़ी में," आम्रपाली म्हणाली. "अहिवारा से लाते हुए. रास्ते में."

"रास्ता हुआ अन्य. और अन्य दबाओ तो ये देखिए." त्यांनी दाबून दाखवलं. लाल चौकट उमटली. "थाने की रिपोर्ट. अब आप लोगों ने तो सब क्रियाकर्म भी कर दिया."

मृत्यूच्या दाखल्यासाठी तिची ही तिसरी खेप होती, या वेळी महापालिकेत. इस्पितळ म्हणालं, आणलं तेव्हाच ते गेलेले होते, आमच्याकडे नोंद कशी होणार? ती राहत होती त्या अहिवाऱ्याच्या ऑफिसात म्हणाले, तुमच्या घरून तर ते जिवंत निघाले. आणि दाखला दिल्याशिवाय शाळा तिची सुट्टी मंजूर करत नव्हती. बाबा गेले त्या दिवसापासून ती पोर्टलवर गैरहजर होती.

बाबूंचा तिला राग आला नाही. ती स्वतः सरकारी शाळेत शिक्षिका होती. तिचाही अर्धा दिवस अशाच स्क्रीनपुढे जायचा. पुढचं पान कशाने उघडतं आणि कशाने अडतं, हे तिला पाठ होतं. जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी पोरांना तिनं एक जुलै लिहून पहिलीत बसवलं होतं.

"घर लिख दूँ?" बाबूंनी आवाज खाली आणला.

"गलत होगा."

"मेरा खुद का जन्मदिन एक जुलाई है, मैडम. माँ कहती है, जाड़े में हुआ था, अंगीठी जल रही थी. गुरुजी ने जुलाई लिख दिया. अब बच्चे उसी दिन केक काटते हैं, मैं भी खा लेता हूँ." ते हसले, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

तिचा धाकटा भाऊ विक्की मागे भिंतीला टेकून उभा होता. त्या दिवशी गाडी त्यानंच चालवली होती.

"हो म्हण ना वं दीदी," तो म्हणाला. "किती चकरा मारून राहिलो आपण."

"खोटं कावून लिहाचं?"

"कोणाचं काय जाते त्याच्यात?"



उन्हाळ्यापासून बाबा तिच्याकडे अहिवाऱ्याला होते. तब्येत ढासळली म्हणून तीच घेऊन आली होती. इथल्या कॅम्प एक वस्तीतल्या त्यांच्या घराला तेव्हापासून कुलूप होतं. त्याची किल्ली बाबांनी बंडीच्या खिशात सेफ्टीपिननं अडकवून ठेवली होती. अंघोळीलाही ती काढून देत नसत. सकाळी चहा पिताना रोज विचारत, "पोरी, मले घरी कधी नेतं?" ती रोज म्हणायची, "बरे व्हा, मंग जाऊ."

त्या दुपारी त्यांना श्वास घेता येईना. गाडीत त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दूरवर त्यांच्या शहरातल्या स्टील प्लांटच्या चिमण्या दिसायला लागल्या, तसे त्यांनी डोळे उघडले.

"घरी चाललो ना वं?"

"हो बाबा. घरीच."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. ती त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली. इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसानं त्यांचं मनगट धरलं, आणि तिच्याकडे न बघता सोडून दिलं. तोवर तिला कळलंच नव्हतं. कुठल्या वळणावर, ते आजही कळलेलं नव्हतं.

"मैडम?" बाबूंनी विचारलं. "पीछे लाइन है."

"कर दो," ती म्हणाली.

त्यांनी 'घर' दाबलं. खालची रिकामी ओळ आपोआप भरली. आम्रपालीनं पुढे वाकून वाचलं. घर क्रमांक, गल्ली, कॅम्प एक.

"ये अहिवारा का नहीं आया."

"अहिवारा तो आपका घर है, मैडम. ये आधार से उठाता है. मरने वाले का घर मतलब उन्हीं का घर." त्यांची बोटं कीबोर्डवर थबकली. "क्यों, बदलना है?"

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मागच्या माणसानं खाकरून आपली फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"नहीं," ती म्हणाली. "रहने दो. यही रहने दो."

"बस एक बात है." बाबू टाइप करता करता बोलत होते. "कल जाँच वाला आएगा. कुछ नहीं, आदमी आएगा, दरवाजे से देखेगा, पड़ोसी से दस्तखत लेगा. बस घर खुला मिलना चाहिए. ताला दिखा, तो फिर वही अन्य."

बाहेर आल्यावर तिनं पर्समधून किल्ली काढली. सेफ्टीपिन अजून तिच्यातच होती. ती तशीच विक्कीच्या हातावर ठेवली.

"आत्ताच जा. कुलूप उघड, झाडू मार. खिडक्या उघडून दे. अन् बाबाच्या खाटेवर चादर टाक. धुतलेली."

"दीदी, तो दारातूनच पाहून जाईन," विक्की म्हणाला. "खाट कोण पाहाते?"

"तू टाक," ती म्हणाली. "अन् उशाशी पाणी भरून ठेवजो."