डावीकडचा व्हाइस

"मार्लिसबाई, व्हाइस उजवीकडे लावू द्या. इथे भिंत आहे, लांब पाइप धरायचा झाला तर अडेल," कर्ट म्हणाला.

"डावीकडेच लाव."

"पण का?"

"हार्लनचा तिथेच होता."

कर्टने खांदे उडवले आणि तो लोखंडी शिकंजा बसवायला कामाच्या बाकाला भोकं पाडायला घेतली. शेजारच्या गावात त्याचं हत्यारांचं दुकान होतं. महिनाभरातला हा त्याचा सहावा फेरा. आधी हवेचा कॉम्प्रेसर आला, मग जॅक, मग गाडीखाली सरकायची चाकांची फळी, मग लाल खणांची पेटी. पेटी नवी कोरी होती म्हणून मार्लिसने ती परत पाठवली होती. पोचे आलेली, रंग उडालेली दुसरी हुडकून आणायला कर्टला आठ दिवस लागले.

हार्लन घरातून गेल्याला एप्रिलमध्ये दोन वर्षं होणार होती. आठवडाभर कागदाच्या कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्या, असं त्याचं आयुष्य. तो गेला आणि पंधरा दिवसांत मार्लिसने सगळी हत्यारं विकून टाकली. गॅरेज रिकामं झालं की घर सोसवेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. स्वयंपाकघराच्या दाराआडून चाळीस वर्षं ठोकाठोक ऐकू यायची. आता ती जेवताना रेडिओ मोठ्याने लावायची आणि जेवण झालं तरी बंद करायची नाही. तळं गोठलं की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. एखादा अख्खा दिवस तोंडातून शब्द न निघता जायचा.

"आणि ही गाडी कोण चालू करणार? तुम्ही?" कोपऱ्यातल्या निळ्या गाडीकडे बघत कर्टने विचारलं. छप्पन सालची गाडी, कुणाच्या तरी गोठ्यातून तिने उचलून आणलेली.

"एक जण येणार आहे. गुरुवारी."

"अस्सं! म्हणून केस कापून आलात होय?"

मार्लिसचा हात नकळत मानेकडे गेला. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कान लाल झाले. "तू तुझं काम कर."

"करतोय की. फक्त त्याचं लग्न झालंय का, ते आधी विचारून घ्या."

"झालंय," ती म्हणाली.

ड्रिल थांबला. कर्टने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भोक पाडायला घेतलं. व्हाइस बसवून त्याने आपली हत्यारं आवरली. जाताना दारात घुटमळला. "जपून हं, मार्लिसबाई."

गुरुवारी दहा वाजता वृद्धाश्रमातली रेनाटा पाहुण्याला गाडीतून घेऊन आली. त्याचं लायसन्स काढून घेतलेलं होतं, त्यामुळे कुठेही जायचं तर कुणीतरी सोडावं लागे. "चारला न्यायला येते. दमले तर फोन करा," एवढं सांगून रेनाटा गेली.

टोपी हातात धरून तो दारात उभा राहिला. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, एक बटण चुकीच्या काजात लावलेला. "न चालणारी गाडी तुमचीच ना, वहिनी?"

"अहो, आत या ना. बाहेर गारठा आहे."

तो आत आला. सगळीकडे नजर फिरवली. बाकाच्या कडेवरून त्याचा तळवा सरकत गेला, व्हाइसच्या दांड्यापाशी थांबला आणि त्याने तो दोन फेरे फिरवला. मार्लिस एक पाऊल पुढे सरकली.

"गॅरेज कोणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं."

"गुणी माणूस. सगळं जिथल्या तिथे आहे. कुठे आहेत ते?"

"बाहेर गेलेत," ती हळूच म्हणाली.

"त्यांच्या हत्यारांना हात लावलेला चालेल ना? काही लोकांना खपत नाही."

"त्यांना आवडेल."

त्याने बाह्या सारल्या. कार्बोरेटर उघडला, भाग एकेक करून फडक्यावर मांडले, प्रत्येकात फुंकर मारून पाहिली. मार्लिस उलट्या खोक्यावर बसली. त्याने मागे न बघता हात पुढे केला की ती पाना द्यायची. तिसऱ्या वेळी त्याने वळून पाहिलं.

"न सांगता बरोबर मापाचा पाना दिलात! शिकलात कुठे?"

"बघून बघून."

तो हसला आणि शीळ घालू लागला. शीळ जरा बेसूरच होती. मार्लिसने तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि गॅरेजात धूळ फार आहे असं काहीतरी पुटपुटली.

तीन वाजता गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. "बघा! जिवंत आहे!" तो ओरडला आणि आनंदाच्या भरात त्याने तिचे दोन्ही हात धरले. काळे, तेलकट हात. मग एकदम ओशाळून सोडले. "माफ करा हं."

"असू दे," ती म्हणाली. हात तिने तसेच ठेवले, पुसले नाहीत.

चारला पाच मिनिटं असताना तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. ओव्हनमधून भाजलेल्या मांसाचा आणि बटाट्यांचा वास गॅरेजभर पसरला. बाहेर रेनाटाचा हॉर्न वाजला.

"अहो, दोन घास खाऊन जा. रेनाटा थांबेल. मी बोलते तिच्याशी."

"वास तर झकास येतोय." त्याचं पाऊल दाराकडे वळलं. मार्लिस पुढे होऊन खुर्ची ओढू लागली.

तो उंबऱ्याशीच थांबला. टोपी डोक्यावर चढवली आणि समजूत घालावी तशा सुरात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. पण मी बाहेर खाऊन गेलो ना, की आमची मार्लिस रुसून बसते."