ओलं सूत

"कसलं मेलं हे सुती लुगडं! भिजलं की नुसता धोंडा होतोय. पिळून पिळून हात गळले माझे," परसात गोजराबाई कुरकुरल्या. लुगड्याचं दुसरं टोक धरून त्यांची सून मनस्वी पीळ देत होती.

गेल्या आठवड्यात मनस्वी विहिरीत पडली, तेव्हा गोजराबाईंनी भर दुपारी, गावादेखत, अंगावरचं हेच लुगडं फेडून आत सोडलं होतं. गड्यांनी ते धरून तिला वर ओढलं. "पाय घसरला," असं घरच्यांनी सांगितलं. गावानंही शेवाळाला शिव्या घातल्या, चहा घेतला आणि गाव आपापल्या घरी गेलं.

"आय, त्याला नावं नका ठेवू," मनस्वी म्हणाली. लग्नाआधी ती कॉलेजात कापडाचंच शिकत होती. "सुती धागा ओला झाला की आणखी बळकट होतो. रेयॉन भिजलं की त्याचं निम्मं बळ जातं. त्या दिवशी तुमी रेयॉनची साडी नेसला असतात, तर हे टोक धरायला मी नसते."

"मला कुठं ठावं होतं ते? अंगावर होतं ते सोडलं."

"तेच म्हणते, आय. अंगावरचं सोडलंत."

गोजराबाईंनी लुगडं झटकून दोरीवर टाकलं. मग त्याच्या आडूनच म्हणाल्या, "मने, परत उडी मारू नको गो. माझ्याकडं सुती एवढं एकच हाय."