बाळ आणि बेबीसाठी किनारा

या, जरा जवळ सरका. मागच्यांनाही पुढे येऊ द्या. एका बेटावर आलेल्या आजींची गोष्ट सांगते. देवानं मायेला हात किती लांब दिलेत, ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

"इथं लाटा फार आहेत हो," आजी म्हणाल्या. दीपगृहाखालच्या किनाऱ्यावर, चपला हातात घेऊन, त्या घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. "बाळचा तोल जाईल. हा नको."

मागे छत्री धरून मालकीण उभी होती. बेटावर तिच्या तीन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देण्याच्या होत्या आणि नवऱ्याची एक होडी. आजी काल संध्याकाळी एकट्याच उतरल्या होत्या. बाळ आणि बेबी शेजारणीसोबत उद्या सकाळच्या बोटीनं यायचे होते. त्याआधी त्यांच्याजोगा किनारा आजींना स्वतः पाहायचा होता.

दुसऱ्या किनाऱ्यावर लाटा नव्हत्या, पण फुटक्या शिंपल्यांचा खच होता. आजींनी एक शिंपला उचलून त्याची धार अंगठ्यानं पाहिली.

"बेबीचे तळवे लोण्यासारखे आहेत. चालायचं नाव नाही, पण पाय टेकवायचे तर आहेत."

"मी घेतो ना उचलून," मालकिणीचा होडीवाला नवरा म्हणाला. "एक या खांद्यावर, एक त्या."

"बाळ जड आहे हो."

"अहो आजी, मी होडीतून म्हशी नेल्यात."

"म्हैस निदान सांगितलेलं ऐकते तरी."

तिघंही हसले.

दुपारी आजी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बसल्या. उद्या काय शिजवायचं, मालकिणीनं विचारलं.

"तिखट नको. मऊच करा सगळं, बाळला चावता येत नाही. आणि बेबीचं औषध मी देईन. ती ते गालात धरून ठेवते आणि पाठ वळली की थुंकून टाकते."

"आमची धाकटी अगदी अश्शीच होती!"

"आणि गादीवर एखादी रबरी चादर..." आजी जरा घुटमळल्या. "रात्री कधीकधी बाळचं..."

"त्यात काय लाजायचं? कपाटात आहे, काढून ठेवते." मालकिणीनं पातेलं उतरवलं. "त्यांची आई नाही का येत?"

"आई बेबीच्या बाळंतपणात गेली. वडीलही पुढे फार टिकले नाहीत."

"अगंबाई! मग सगळं तुम्हीच?"

"जाताना तिनं माझाच हात धरला ना. काय करता?"

मालकिणीनं पदरानं डोळे टिपले आणि कांद्यावर ढकललं. कांदा अजून चिरायचा होता.

"समुद्र दाखवते, समुद्र दाखवते, म्हणून थापाच मारत आले मी," आजी म्हणाल्या. "कधी याचं दुखणं, कधी तिचं, कधी माझी नोकरी. आता पुढच्या महिन्यात माझंच हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यातून नाही उठले, तर यांना पाण्यापर्यंत कोण आणणार? पण पहिल्याच दिवशी घाबरली, तर पुन्हा समुद्राचं नाव काढायची नाहीत. धड जागा मिळाली नाही, तर संध्याकाळी फोन करून सांगते, येऊ नका म्हणून."

मालकिणीनं दारात बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "जाळ्यांमागची जागा दाखवा की."

"तिथं? वास मारतो तिथं."

"वासानं कुणी बुडत नाही. दाखवा."

मासेमारांच्या वाळत घातलेल्या जाळ्यांमागे छोटीशी खाडी होती. पाहुण्यांना ती कुणी दाखवतच नसे. दोन्हीकडून खडकांनी वेढलेलं पाणी ताटात ओतल्यासारखं निवांत पडलं होतं. वाळू घट्ट होती. आजींनी टाच रोवून पाहिली.

"चाकं रुतणार नाहीत ना?"

"गाडी सरळ पाण्यापर्यंत जाईल," होडीवाला म्हणाला. "आमची पोरं इथंच पोहायला शिकली."

मग आजींनी काय करावं? नेसत्या लुगड्यानिशी त्या पाण्यात चालत गेल्या आणि मटकन खाली बसल्या. पाणी कमरेपर्यंत आलं. आजी डोळे मिटून लाटेची वाट बघत राहिल्या. लाट आली ती नुसती सुरकुतीएवढी, आणि त्यांच्या गुडघ्यांवरून निघून गेली.

"वास मारतो खरा," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "येऊ देत पोरांना."

संध्याकाळभर नवरा-बायकोची धांदल उडाली. तिनं माळ्यावरून छोटी बादली आणि फावडं काढलं, दोन टोप्या धुऊन वाळत घातल्या. त्यानं पोहायच्या रबरी ट्यूबचं भोक बुजवलं, तिच्यात हवा भरली आणि ती कानाशी धरून बसला.

"काय ऐकताय?"

"गळतेय का बघतोय. लेकरांच्या जिवाशी खेळ नको."

सकाळी दोघं आजींसोबत धक्क्यावर हजर होते. बोट लागली. पिशव्या उतरल्या, कॅमेरे उतरले, एक चिडका कुत्राही उतरला. मूल काही उतरलं नाही. मालकीण टाचा उंचावून बघत राहिली. शेजारणीनं ऐन वेळी बेत रद्द तर केला नसेल? आजींना काय वाटेल?

"आजी," ती हळूच म्हणाली, "चुकली असेल हो बोट. दुपारी आहे अजून एक."

पण आजी शेजारी नव्हत्याच. त्या केव्हाच फळीपाशी पोहोचल्या होत्या. वर काठी टेकत एक टकला म्हातारा उभा होता, आणि त्याच्यामागे खलाशांनी चाकाच्या खुर्चीसकट उचललेली, पांढऱ्या केसांची एक बाई. म्हाताऱ्यानं एकदा समुद्राकडे पाहिलं आणि बोळक्या तोंडानं हाक मारली, "ताई! अगं, केवढा गं हा!"

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या ताईची आठवण असू द्या.