मधलं वर्तुळ

"बाबा, तो मेसेज..."

"राहू दे. आमी पाह्यतो," म्हणत बापूरावांनी रुचिकाच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

त्यांनी तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, अक्षराला अक्षर लावत लाइनमनचा लाईटच्या वेळेचा मेसेज वाचला आणि दुपारी मोटर लावायला मळ्यात गेले. मेसेज कालचा होता. आजची लाईट सकाळीच येऊन गेली होती. रुचिकाला ते माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. संध्याकाळी ती मळ्यात गेली तर कोवळ्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, अर्ध्या वाफ्याने माना टाकल्या होत्या. या आठवड्यात असं दुसऱ्यांदा झालं होतं.

रुचिका ही केनवडच्या बापूराव आणि कस्तुराबाईंची एकुलती एक लेक. वाशिमला एमसीएच्या शेवटच्या वर्षाला होती, रोज एसटीने जा-ये करायची. मागच्या महिन्यात सरांनी वर्गाला काम दिलं होतं, की एखादा खराखुरा धंदा घ्या आणि त्यात माहिती कुठून कुठे जाते त्याचं चित्र काढून आणा. तिने घरचाच भाजीचा मळा घेतला. रिसोडच्या बाजारातला भाव, लाईटची वेळ, अडत्याचा निरोप, बँकेचा ओटीपी, घरचा गॅससुद्धा. प्रत्येकाचं एक वर्तुळ काढलं आणि बाण जोडत गेली. शेवटी पाहते तर सगळे बाण मधल्या एकाच वर्तुळातून जात होते, आणि त्यात तिचं नाव होतं. सरांनी शेजारी लाल शाईने विचारलं होतं, 'हा माणूस गेला तर?'

ते चित्र तिने घरी मिरवत आणलं. सरांचा प्रश्नही वाचून दाखवला. "पाहा आई, माह्याबिगर या घराचं पान हालत नाई!" कस्तुराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. बापूराव मात्र त्या मधल्या वर्तुळाकडे बराच वेळ पाहत राहिले.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने तिला सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला बोलावलं. वर्गातून दोघांचीच निवड झाली होती. हो की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिने जेवताना भीत भीत सांगितलं. बापूराव भाकरी मोडत राहिले. कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या, "पाहू."

दुसऱ्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. रोज संध्याकाळी तिच्या मांडीवर येऊन पडणारा मोबाइल आता आईबाबांच्याच हातात राहू लागला. बाजारभावासाठी बापूराव स्वतः अडत्याला फोन लावत आणि चुकून पाहुण्यांना लागला तर त्यांच्याच तब्येतीची चौकशी करून ठेवत. कस्तुराबाईंनी अडत्यासाठी मोबाइलवर बोलून धाडलेला निरोप, "आज वांगे नाई आनत, लई किडके निंगाले," बचत गटाच्या ग्रुपवर गेला आणि सगळ्या बायांनी ऐकला. गावभर हसू झालं. रुचिका मदतीला उठली की उत्तर ठरलेलं. राहू दे, आमी पाह्यतो.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज होती तशीच होती आणि वैद्याला तेवढं ओट्यावर बसवलं होतं. तिने मनाशी अर्थ लावून टाकला. पुण्याला जाऊ नको, असं तोंडाने म्हणायचं नाही, म्हणून हा अबोला.

ओट्यावर बसून ती परीक्षेचं पाठ करत होती. प्रश्न हमखास येणारा होता. जुनी व्यवस्था बंद करण्याआधी नवी चालवून पाहावी. तोवर जुनी शेजारी तयार ठेवावी, पण तिला मध्ये पडू देऊ नये. नव्या व्यवस्थेच्या चुका याच काळात होऊ द्याव्यात. सगळं तोंडपाठ होतं तिचं. पण डोळ्यांपुढे त्या मान टाकलेल्या सांभाराचा वाफा येत होता. आपल्याला विचारण्यापेक्षा यांना पीक गेलेलं परवडतं, या विचाराने तिला रडू फुटलं.

रविवारी संध्याकाळी तिने कंपनीला नकार लिहिला आणि पाठवण्याआधी आत गेली. कस्तुराबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. बापूराव दाराशी विळा घासत होते.

"मी नाई जात पुन्याले," ती म्हणाली. "पन माह्यासंग असं बोलनं बंद नका करू."

कस्तुराबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "बोलनं कोनं बंद केलं वो बाई? आमी त इचारनं बंद केलं."

"काहून पन?"

"तुह्या सरानं लिवलं होतं ना त्या चित्रावर, हा मानूस गेला तर? थेच पाहून राह्यलो होतो. आज तुह्या बाबानं भाव बरोबर इचारला. गॅसचा नंबर मीनं लावला."

रुचिका बापूरावांकडे वळली. "पन बाबा, सांभार वाळला ना! मले लाईटची वेळ माहीत होती. एक डाव इचारलं असतं!"

बापूरावांनी विळा खाली ठेवला.

"तुले माहीत हाये, हे आमाले ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हनूनच नाई इचारलं. तू गेल्यावर चुकन्यापरीस, तू घरी हायेस तवर चुकून घेतलं."