डावीकडे की उजवीकडे

"नव्या गाडीत कंपनीनेच नकाशाचा स्क्रीन दिलाय, मग हे वेगळं जीपीएस कशाला?" वडपे गावच्या सार्थकने विचारलं.

गाडीच्या सामानाचं दुकान चालवणारे मुख्तारभाई सरसावून बसले. हल्ली सगळ्यांच्या हातात फोन, त्यामुळे हे मशीन विचारणारं गिऱ्हाईक सहसा मिळत नसे.

"शेठ, गाडीतला नकाशा गाडी बनली तेव्हाचा. आपल्या भिवंडीत रस्ता कधी खोदतील, कधी वळवतील, सांगता येतं का? हे मशीन ताजा रस्ता दाखवतं. काचेला चिकटवा, वाटलं तर काढून भावाच्या गाडीत लावा. गल्लीबोळात कुठं अडलात तर मला बोला. गॅरंटी माझी!"

सार्थकला पटलं. मुख्तारभाई खुशीत त्याच्या गाडीत शिरून काचेवर मशीन दाबून धरत होते, तोच त्यांचा फोन वाजला. एक हात अडकलेला, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. कालच कुणाकरवी असलंच मशीन मागवून घेतलेला कल्याणचा माणूस होता.

"भाई, तुमच्याच दुकानावर येतोय. गाडीतला स्क्रीन डावीकडे वळा म्हणतो, तुमचं मशीन उजवीकडे. कोन गावच्या नाक्यावर कधीचा उभा हाय. कुणाचं ऐकू?"

शेजारी बसलेला सार्थकही कान देऊन ऐकू लागला. मुख्तारभाईंना मात्र उत्तरासाठी क्षणभरही थांबावं लागलं नाही.



"दोन्ही बंद करा. काच खाली घ्या आणि कुणालाही विचारा, मुख्तार जीपीएसवाला कुठं बसतो!"