उजवी फळी

बाबांचा उजवा पाय सकाळी कापला. दुपारी ताई आणि मी जेवलो आणि व्हीलचेअर बघायला गेलो. उरलेला पायही सुजलेला, म्हणून पाय वर उचलून ठेवता येईल अशी हवी होती.

दुकानदाराने रिकाम्या खुर्चीच्या पायाखालच्या दोन्ही फळ्या वर केल्या. डावी तशीच राहिली. उजवी हळूहळू खाली आली.

"खटका ढिला असेल," म्हणत त्याने दुसरी खुर्ची काढली. तिचीही उजवीच उतरली.

"नवीकोरी आहे हो. वजन पडल्याशिवाय उतरत नाही ही."

"उजवी काढूनच टाका," मी म्हणालो. "लागणार नाही."

तो वाकला आणि थांबला. फळीवरच्या गादीचं प्लास्टिक पोटरीएवढं दबलं होतं.

वर्षभर आम्ही घरात येताजाता एकच सांगायचो. ताईच्या तोंडून सवयीने तेच निघालं, "बाबा, पाय वर घ्या."

फळी सावकाश वर गेली.